तेरा भागांचं दार

मालिकेला हिरो नव्हता.
दर शनिवारी नवी गोष्ट, नवी माणसं,
बावीस मिनिटांत हसवायचं आणि विसरायचं,
तसं चॅनेलचं पत्रच होतं.
पैसे मात्र एकाच घरापुरते.
दारही एकच.

दार अंजिरा लांजेवारचं.
सागवानी, एका अंगाला जरा उतरलेलं,
उघडताना आधी कुरकुरायचं, मग ऐकायचं.
ती शाळेत खिचडी शिजवते.
दिवसाला दोनशे भाडं ठरलं तेव्हा म्हणाली,
"न्या ना जी. चोरीले जाण्यासारखा
एक कुकर आहे घरी,
तो मी संगं शाळेत नेतो."

कवडू पेंटरनं पहिल्या भागाला दार निळं केलं : पोलीस चौकी.
दुसऱ्याला हिरवं, वर पांढऱ्यात
'सहकारी पतसंस्था, सावरटोला' –
'संस्था'तला एक स राहून गेला, तो तसाच प्रक्षेपित झाला.
तिसऱ्याला गुलाबी. पाहुणे मुलगी बघायला येतात
आणि शेजारच्या घरचे पोहे खाऊन होकार देतात.
रंग वाळायला वेळच नसायचा.
चौथ्या भागातल्या गुरांच्या डॉक्टरच्या कोपराला
तिसऱ्या भागातला गुलाबी लागलाय,
कधी दिसला तर बघा.

संवाद माझे.
रात्री साडेनऊला मुंबईहून फोन यायचा,
मी हापशीजवळ जाऊन उभा राहायचो, रेंज तिथंच.
"पान अकरावर हशा कुठेय?"
तो थांबतो ना मॅडम. काही बोलत नाही. तिथं.
"थांबण्यावर कोण हसतं?"

आता त्यांना काय सांगू,
आमच्याकडे विनोद पायी येतो.
आज सांगितलेला
परवा धानाच्या बांधीत रोवणं करताना पोचतो,
आणि वाकलेल्या पंधरा बाया एकदम सरळ होतात.

"आणि ते 'करून रायले' वगैरे जरा वाढवा,
लोकांना मजा येते."
कोणत्या लोकांना, मी विचारलं.
तेवढ्यात रेंज गेली.
मामी वारली तेव्हा मामा ओट्यावर बसून म्हणाला होता,
"कोनी रडून नाही रायलं बे?"
त्या 'रायलं'वर
मी अजून कुठं हशाची खूण केलेली नाही.

इकडे अंजिराच्या चौकटीत जुनं लुगडं.
चापल्यांची बकरी आत जाऊन
पंचायतीची नोटीस खाऊन आली.
येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोठी अडचण,
ठोठवायचं कशावर?
मग एक दिवस पोस्टातला देवाजी
उंबऱ्याबाहेर उभा राहून तोंडानंच म्हणाला,
"ठक ठक."
दुसऱ्या दिवसापासून सगळेच.
सरपंचसुद्धा, घसा साफ करून : ठक ठक.

मी ते सातव्या भागात घातलं.
चॅनेलनं कापलं.
शेरा होता, खोटं वाटतं.

प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा
पंचायतीच्या टीव्हीपुढे ताडपत्रीवर गाव.
नट कोण, गोष्ट काय, कोणाला पडलेली नव्हती.
दार दिसलं की पोरं ओरडायची, अंजिरामावशीचं!
ती पदर तोंडाशी धरून बघायची,
कोणी जोरात लोटलं की पुटपुटायची,
"हळू ना बाप्पा."

तेरावा भाग संपला, दार घरी आलं.
कवडू म्हणाला, खरडून मूळचं करून देतो.
ती म्हणाली, राहू दे.

परवा दुसऱ्या पर्वाचं विचारायला गेलो.
कडीजवळ पोपडे सुटलेत :
वर दवाखान्याचा पांढरा, मग न्हाव्याचा पिवळा,
खाली गुलाबी, पोहे, हिरवा,
अगदी तळाशी नखाएवढी चौकी.
ठोठवायला हात वर केला,
आणि का कोण जाणे, तोंडानंच म्हणालो,
ठक ठक.

आत भांड्यांचा आवाज बंद झाला.
ती थांबली.
काही बोलली नाही.

इथं, मॅडम.